फ्रायर लावण्याआधी, गराडू चिरण्याआधी

डिसेंबर लागला की इंदुरात भाजीच्या हातगाड्यांवर मातीने माखलेले, जळाऊ लाकडाच्या ओंडक्यांसारखे गराडू दिसू लागतात आणि आमच्या घरी एकच विषय निघतो, या शनिवारी की पुढच्या? कोनफळाच्या कुळातला हा कंद. पुण्या-मुंबईचे पाहुणे नाव ऐकून आधी हसतात, मग सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात एक द्रोण संपवून दुसरा मागतात. गेली तीन वर्षं मी घरचे गराडू दोन लिटरच्या इलेक्ट्रिक फ्रायरमध्ये तळते. कढईसमोर उभं राहून ऐन वेळी बरंच सावरून घेता येतं. गॅस कमी करा, झारा फिरवा, कढई खाली उतरवा. फ्रायर तेवढी सवलत देत नाही. त्याच्या बाबतीत जे बघायचं ते बटण दाबायच्या आधी. म्हणून मी ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने लिहिते आहे.

आदल्या संध्याकाळी प्लग बघा. यंत्र छोटं, म्हणजे वीजही थोडीच, असा समज असतो. माझा फ्रायर १८०० वॅटचा आहे, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ८ अँपिअर. मोबाइल चार्जर आणि टेबल फॅनचं ६ अँपिअरचं सॉकेट त्याला पुरत नाही. जाड पिनांचं १६ अँपिअरचं पॉवर सॉकेट लागतं, तेही चांगल्या अर्थिंगचं. हे मला पहिल्याच वर्षी कळलं. मी जाड पिन बारीक सॉकेटात बसवणारा कन्व्हर्टर लावला आणि अर्ध्या तासाने स्वयंपाकघरात मासळीचा वास. आमच्याकडे मासळी कधी शिजली नाही, त्यामुळे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सासूबाईंनी तर तेलाची पिशवी हुंगून पाहिली. वास कन्व्हर्टरच्या जळत्या प्लास्टिकचा होता. इलेक्ट्रिशियनने तो काढून माझ्या हातावर ठेवला, कडेने तपकिरी, मधे खचलेला. "भाभी, ये तो गया," एवढंच म्हणाला. तेव्हापासून कन्व्हर्टर नाही आणि एक्स्टेंशन बोर्ड तर नाहीच. त्याच लाइनीवर मायक्रोवेव्ह किंवा गीझर असेल तर तासभर तेही बंद.

जागा ठरवताना वर कपाट नको, शेजारी पेटता गॅस नको आणि सिंकपासून हातभर तरी लांब. वायर ओट्यावरून खाली लोंबू देऊ नका. तीत एखाद्या पोराचा पाय किंवा तुमचाच पदर अडकला तर दोन लिटर उकळतं तेल अंगावर येईल. खिडकी उघडी ठेवा, पंखा मात्र थेट फ्रायरवर नको.

आता तेल. माळवा हा सोयाबीनचा मुलूख, सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही इंदुरातच आहे, तेव्हा इथे घरोघरी रिफाइंड सोयाबीन तेल असतं. तळायला ते चालतं, धूर बऱ्याच उशिरा धरतं. पण पुन्हा पुन्हा तापवलं की त्याला एक उग्र, तैलरंगासारखा वास येऊ लागतो, कारण त्यातल्या लिनोलेनिक या मेदाम्लाचं ऑक्सिडीकरण लवकर होतं. तेच तेल दोनतीनदा वापरायचं असेल तर मी रिफाइंड शेंगदाणा तेल घेते. घाण्याचं तेल चवीला कितीही छान असलं तरी फ्रायरमध्ये नको; ते लवकर धुरावतं आणि फेस धरतं. वनस्पती तूप किंवा साजूक तूप गोठलेलं असताना तर मुळीच टाकू नका. ज्या फ्रायरमध्ये तापणारी कॉइल तेलातच बुडालेली असते, तिथे घट्ट तुपात ती उघडी पडून जळते. तुपातच शंकरपाळे हवेत असा हट्ट असेल तर तूप आधी पातेल्यात वितळवून घ्या. खरं सांगायचं तर तो हट्ट कढईसाठी राखून ठेवावा.

भांड्याच्या आत दोन रेषा असतात. खालच्या रेषेपेक्षा कमी तेलात कॉइल उघडी राहते, हे कुणालाही पटतं. वरच्या रेषेकडे मात्र "थोडं जास्त असलं तर काय बिघडतं" म्हणून काणाडोळा होतो. थंड तेल १८० अंशांपर्यंत तापताना सुमारे दहा टक्क्यांनी फुगतं, म्हणजे दोन लिटरचं जवळजवळ सव्वादोन होतं. त्यात पदार्थ पडला की तोही जागा घेतो आणि वरून फेस. वरची रेषा हे सगळं धरून आखलेली असते. तेल ओतण्याआधी भांडं आणि बास्केट कोरडी ठाक हवी. धुतलेल्या बास्केटच्या जाळीत पाणी लपून बसतं. ती आदल्या रात्रीच धुऊन उपडी घालून ठेवा.

गराडूची तयारी मात्र निवांत बसून करायची. कंद घेताना कापून पाहा. आत पांढरा आणि घट्ट हवा, दोरे कमी. साल काढण्याआधी दोन्ही हातांना मनगटापर्यंत तेल चोळा. गराडूच्या चिकात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात, हात खाजतात आणि त्याच हाताने चुकून गाल पुसला तर तोही. माझ्या नणंदेने एकदा "मला काही होत नाही" म्हणत तसंच सोललं आणि मग दुपारभर चिंचेचं पाणी हाताला लावत बसली. साल जरा जाडच काढा, दीड-दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा आणि लगेच पाण्यात टाका, नाहीतर काळे पडतात. मग उकळत्या पाण्यात पाचसात मिनिटं. सुरी आत जायला हवी, पण थोडं अडखळून. पूर्ण शिजवले तर तेलात भुगा होतो.

आणि आता वाळवणं. इथे घाई केली की फ्रायर आपला हिशोब चुकता करतो. दुसऱ्या वर्षी पाहुणे दारात आले म्हणून मी तुकडे चाळणीत जेमतेम निथळून बास्केटमध्ये घातले आणि बास्केट एकदम खाली सोडली. पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या सतराशेपट जागा मागते. फेस पांढरा होऊन वर आला, वरच्या रेषेच्याही वर, काठावरून ओट्यावर उतरला आणि ओट्यावरून माझ्या चपलेपर्यंत. बास्केट उचलली, खटका बंद केला, म्हणून तेवढ्यावर निभावलं. तेव्हापासून तुकडे उकडल्यावर जुन्या सुती पंच्यावर पसरते, वरून दुसऱ्या पंच्याने टिपते आणि तासभर पंख्याखाली ठेवते. तुकडा बोटाने दाबला की बोट कोरडं राहिलं पाहिजे, ही माझी परीक्षा. बास्केट आधी अर्धीच बुडवायची, फेस बसू द्यायचा, मग पूर्ण. तळण्याआधी मीठ लावायचं नाही. मिठाने पाणी सुटतं आणि तेलही लवकर खराब होतं. जिरावण (इंदुरी चटपटा मसाला) आणि लिंबू नंतर, तेही ताटात, फ्रायरवर धरून नव्हे.

गराडू दोनदा तळतात. पहिल्यांदा १५० अंशांवर, रंग न येता वरची कात धरेपर्यंत. हे दुपारीच उरकून ठेवता येतं. गार झाल्यावर प्रत्येक तुकडा वाटीच्या बुडाने हलकेच चेपायचा, कडा फाटेपर्यंत. पाहुणे आले की दुसऱ्यांदा, १८० अंशांवर, दोनतीन मिनिटं. चेपल्याने ज्या कडा फाटतात त्याच कुरकुरीत होतात. रंग सोनेरी आला की काढा, तांबूस होईपर्यंत थांबू नका. पिठूळ पदार्थ फार तांबडे तळले की त्यात ॲक्रिलामाइड हे तब्येतीला घातक मानलं जाणारं रसायन वाढतं. २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी हे पुढे आणलं. त्याच कारणाने फ्रेंच फ्राइजचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीत त्यांच्यातल्या स्टार्चची साखर होते आणि ते पटकन काळपट होतात.

एका वेळी किती घालायचं यावरून आमच्याकडे दरवर्षी वाद होतो. दोन लिटर तेलाला दोनशे-अडीचशे ग्रॅम, बास. जास्त घातलं की तेल थंड पडतं आणि पदार्थ तेल पितो. थर्मोस्टॅटचा, म्हणजे तापमान राखणाऱ्या खटक्याचा, दिवा सांगेल तेव्हाच पुढचा घाणा. सासूबाईंना हे पटत नाही. "अगं, तेल बघायचं असतं, दिवा काय बघतेस?" असं म्हणून त्या कणकेची गोळी टाकतात, गोळी तळाशी जाऊन लगेच वर आली की त्यांची मान हलते. गोळी आणि दिवा यांचं एकमत नसलं तर मी गोळीचं ऐकते. स्वस्त थर्मोस्टॅट दहा-पंधरा अंश सहज चुकतो.

काही गोष्टी फ्रायरमध्ये करायला जाऊच नका. पुरीला झाऱ्याने दाबायला जागा नसते. अनारशाची खसखस तळाशी जाऊन जळते. पातळ पोहे बास्केटच्या भोकांतून निसटतात. चिवड्यासाठी बास्केटमध्ये बारीक जाळीची स्टीलची गाळणी बसवावी लागते. भज्यांचं पीठ जाळीला चिकटतं, तेव्हा बास्केट आधी तेलात बुडवून ठेवा आणि भजी वरून एकेक सोडा. शंकरपाळे मात्र फ्रायरने करावेत. १५० अंशांवर बारीक आच तासभर एकसारखी धरणं मला कढईत अजून जमलेलं नाही.

बटण दाबण्याआधी हाताशी काय हवं ते बघा. लांब चिमटा, जाळीचं ताट (वर्तमानपत्र नको, शाई खाण्यात जाते) आणि फ्रायरचं तोंड पूर्ण झाकेल असं धातूचं झाकण. तेलाने पेट घेतला तर हात पोचत असेल तर खटका बंद, झाकण घाला आणि गार होईपर्यंत उचलू नका. पाणी कधीही नाही. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली. टूथपेस्ट, शाई, तूप यांतलं काही लावू नका. फ्रायरचं स्वतःचं झाकण उघडताना तिरकं धरा, आतल्या वाफेचे थेंब तेलात पडू देऊ नका. आणि तापलेला फ्रायर इंचभरही सरकवू नका.

पाहुणे गेल्यावर प्लग काढा आणि झोपा. तेल त्याच रात्री ओतायला जाऊ नका. सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळा. हॉटेलांसाठी भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तेल पुन्हा पुन्हा तापून खराब होताना वाढणाऱ्या पोलर घटकांची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. घरी यंत्र नसतं, नाक असतं. तेल दाट झालं, फेस बसेना, नेहमीच्याच आचेवर धूर येऊ लागला की ते गेलं. तीनदा वापरून झालं की चांगलं दिसलं तरी काढा. मी गाळलेल्या बाटलीवर चिकटपट्टी लावून तारीख आणि "गराडू, १" असं लिहिते. टाकायचं तेल बेसिनमध्ये ओतायचं नाही. जुन्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावायचं आणि सकाळी कचऱ्याची गाडी आली की वेगळं द्यायचं.

कॉइलचा भाग पाण्यात बुडवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. बास्केट वाळली की सगळं डब्यात, वर पंचा. माळ्यावर मात्र नाही, ओट्याखालच्या कप्प्यात, कारण संक्रांतीपर्यंत अजून दोन शनिवार तरी तो बाहेर निघतोच.