ड्युईंच्या अभ्यासकांत येताना

अमेरिकी तत्त्वज्ञ आणि शिक्षणविचारक जॉन ड्युई हे नाव महाराष्ट्रात बहुतेकांना एकाच ओळखीने माहीत असतं: बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबिया विद्यापीठातले गुरू. मलाही तेवढंच माहीत होतं. अमेरिकेत तत्त्वज्ञानात पीएच.डी. करायला आले आणि पहिल्याच वर्षी 'आंबेडकरांवरील ड्युईंचा प्रभाव' या विषयावरचा गोषवारा एका परिषदेला पाठवून दिला. तो नाकारला गेला. परीक्षकाने खाली तीन प्रश्न लिहिले होते: कोणतं पुस्तक, कोणत्या साली वाचलेलं, कोणतं वाक्य? त्या दिवशी फार लागलं. पण माझा सगळा प्रबंध आज त्या तीन प्रश्नांवर चालला आहे, म्हणून या अभ्यासात येऊ पाहणाऱ्यांना ते आधीच सांगून ठेवते.

इथे आल्यावर आधी कानावर पडते ती खंडांची भाषा. 'मिडल नऊ, त्र्याण्णव', म्हणजे 'मिडल' मालिकेचा नववा खंड, पान ९३, असं कुणी म्हणालं की समोरचे चार जण लगेच पान उघडतात. ड्युईंचं समग्र लेखन ३७ खंडांत आहे: अर्ली ५, मिडल १५, लेटर १७. जो अ‍ॅन बॉयड्स्टन यांच्या संपादनाखाली सदर्न इलिनॉय विद्यापीठाच्या प्रकाशनाने १९६७ पासून ते काढलं. जुनी सुटी आवृत्ती वाचली तरी चालेल, पण टिपण काढताना खंड आणि पान याच पद्धतीने लिहा. मी सुरुवातीला तसं केलं नाही आणि नंतर दोन महिने पानं जुळवत बसले.

सुरुवात 'एक्स्पीरियन्स अँड नेचर'पासून करू नका. ते १९२५ चं पुस्तक मोठं आहे, पण नवख्याला दार उघडून देत नाही. १९१६ च्या 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन'चं सातवं प्रकरण घ्या, मग १९३९ चं 'क्रिएटिव्ह डेमोक्रसी' हे छोटं भाषण. एकट्याने वाचू नका. आमचा पाच जणांचा गट दर बुधवारी दहा पानं मोठ्याने वाचायचा. ड्युईंची वाक्यं लांब आणि सपाट असतात, डोळा त्यांवरून घसरतो. कानाने ऐकलं की कुठे अडलं ते कळतं.

अशाच एका बुधवारी 'एक्स्पीरियन्स' या शब्दावर गाडी अडली. ड्युईंच्या लेखी तो करणं आणि सोसणं या दोहोंचा जोड आहे: माणूस काही करतो, जग त्याला उलट काही करतं, आणि दोन्हींचा संबंध लक्षात आला की शिकणं होतं. गटातले इंग्रजीभाषक यावर बराच वेळ झगडत होते. मी म्हटलं, आमच्याकडे अनुभव 'येतो' आणि अनुभव 'घेतात', दोन्ही रोजच्या बोलण्यातलं आहे. पुढच्या अर्ध्या तासात मला त्या दोन क्रियापदांवर जेवढं बोलावं लागलं तेवढं आधीच्या वर्षभरात बोलले नव्हते. ड्युईंना स्वतःलाही हा शब्द शेवटी अपुरा वाटू लागला होता. आता लिहिलं तर त्या जागी 'कल्चर' वापरेन, असं त्यांनी उतारवयात लिहून ठेवलं आहे. आपली भाषा या अभ्यासाच्या कामी येते, हे मला इथे पहिल्यांदा उमगलं.

आता त्या तीन प्रश्नांकडे. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेब ड्युईंचं नाव घेऊन, आपण त्यांचे किती ऋणी आहोत हे सांगून, एक उतारा देतात. प्रत्येक समाजावर क्षुल्लक गोष्टींचं, भूतकाळातल्या वाळक्या लाकडाचं ओझं साचतं. शहाणा होत जाणारा समाज सगळंच पुढच्या पिढीला देत नाही, अधिक चांगला समाज घडवील तेवढंच देतो. हा उतारा मूळ पुस्तकाशेजारी, म्हणजे 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन'शेजारी ठेवून वाचा. ड्युईंकडे मध्ये शाळा आहे: नको ते गाळण्याचं काम त्यांनी शाळेकडे सोपवलंय. बाबासाहेबांनी शाळेची वाक्यं वगळली. उरलेल्या उताऱ्यात ती जबाबदारी सरळ समाजावर येते. माझ्या मते ज्यांना शाळेच्या दारातच अडवलं गेलं होतं त्यांच्या बाजूने वाचणाऱ्या माणसाने जाणून केलेला हा बदल आहे. लोकशाही म्हणजे नुसता राज्यकारभाराचा प्रकार नाही, सहजीवनाची रीत आहे, हे ड्युईंचं वाक्यही ते घेतात आणि त्याला सहमानवांविषयीच्या आदराची जोड देतात. 'प्रभाव' म्हणून मोकळं झालं की हे सगळं हातातून निसटतं.

या वाटेवर आधी चाललेले लोक आहेत. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात बाबासाहेबांच्या संग्रहातली ड्युईंची पुस्तकं आहेत. त्यांत बाबासाहेबांनी केलेल्या खुणांचा अमेरिकी अभ्यासक स्कॉट स्ट्राउड यांनी बारकाईने अभ्यास केला आणि त्यांचं पुस्तक २०२३ मध्ये आलं. ते वाचल्याशिवाय या विषयावर गोषवारा पाठवू नका.

ड्युईंचे कागद कार्बनडेलला, सदर्न इलिनॉय विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. शिकागोहून साडेपाच तासांची रेल्वे. जाण्याआधी कागदांची कोणती पेटी हवी ते कळवा आणि पेन्सिल न्या. दोन दिवस पुरतील असं वाटतं, पण पुरत नाहीत.

अभ्यासकांचे इथे दोन गोतावळे आहेत. १९३५ साली स्थापन झालेल्या जॉन ड्युई सोसायटीत शिक्षणशास्त्रातले लोक जास्त, त्यांची वार्षिक बैठक शिक्षण-संशोधकांच्या मोठ्या अधिवेशनाला जोडून होते. तत्त्वज्ञानवाले 'सॅप'च्या सभेत, म्हणजे सोसायटी फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ अमेरिकन फिलॉसॉफीच्या सभेत भेटतात. एका गोतावळ्यात वर्ग, मुलं, शिक्षक यांची चर्चा, दुसऱ्यात चार्ल्स पर्स आणि विल्यम जेम्स हे ड्युईंच्या आधीचे अमेरिकी तत्त्वज्ञ, आणि ज्ञानमीमांसा. दोन्हीकडे बसा. मी पहिलं वर्ष फक्त दुसरीकडे बसले आणि शाळेची ती गाळलेली वाक्यं माझ्या नजरेतून सुटली. ती दाखवली एका प्राथमिक शिक्षिकेने, चहाच्या सुट्टीत.

परिषदेतल्या माझ्या पहिल्या निबंधाला उत्तर द्यायला नेमलेल्या प्राध्यापकबाईंनी आठ पानांचं टिपण आदल्या रात्री पाठवलं होतं. सगळे आक्षेप त्यात होते. सकाळी न्याहारीला त्या स्वतःच माझ्या टेबलाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, तिसरा मुद्दा तू सोडू नकोस, मी तिथे चुकत असेन. तो तिसरा मुद्दा शाळेचा होता. त्यावरचं प्रकरण सध्या लिहिते आहे.