मिइकेवर डिझर्टेशन करताय? आधी पैसे कोणी लावले ते बघा

फिल्म स्टडीजला नवीन आलेल्यांपैकी कोणीतरी एकजण ताकाशी मिइके या जपानी डिरेक्टरवर जातोच, त्याच्या 'इची द किलर'च्या क्लिप्स बघून, आणि मग यादी उघडली की शंभरच्या वर नावं, त्यात गँगस्टर, हॉरर, सामुराई, लहान मुलांचे सिनेमे, एक म्युझिकल पण, आणि पोरगं गळपटतं. मी याच माणसावर लिहिलंय, म्हणून मला जे कामाला आलं ते सांगतो.

सालाप्रमाणे बघत बसू नका, टॉप टेन तर नकोच. सिनेमा कोणाच्या पैशाने आणि कुठे दाखवायला काढलाय त्यावरून गट पाडा. मिइके डिरेक्टर शोहेई इमामुराच्या हाताखाली असिस्टंट होता आणि 1991 ला व्ही-सिनेमात शिरला, म्हणजे थिएटरला न लागता थेट व्हिडिओ कॅसेटवर येणारे सिनेमे, तोएई या जपानी फिल्म कंपनीने 1989 ला ते सुरू केले आणि मग बाकीचेही उतरले. बजेट तुटपुंजं, वेळ कमी, पण निर्मात्याला कव्हरवर ओळखीचा चेहरा आणि आत थोडी मारामारी मिळाली की झालं, बाकी डिरेक्टर काय करतोय याकडे लक्ष कोणाचं! त्याचा विक्षिप्तपणा तिथे पोसला गेला असं माझं मत. 'याटरमॅन' (2009) सारख्या मोठ्या बजेटच्या फॅमिली सिनेमात मात्र त्याला चौकट पाळावी लागते, तरी मधेच खोड्या काढतोच.

दुसरं म्हणजे रिमेक. हे प्रकरण खरं सोनं आहे. 'द हॅपिनेस ऑफ द काताकुरीज' हा 'द क्वाएट फॅमिली' या 1998 च्या कोरियन सिनेमावरून केलाय. डोंगरातलं गेस्टहाऊस, पाहुणे येतात आणि मरतात, घरचे गुपचूप पुरतात, गोष्ट तीच, पण मिइके मधेच सगळ्यांना गायला लावतो आणि काही सीन चक्क मातीच्या बाहुल्यांवर नेतो. '13 असॅसिन्स' (2010) डिरेक्टर एइची कुदोच्या 1963 च्या सिनेमावरून आहे, शेवटची लढाई जवळपास पाऊण तास चालते, पण तुम्ही त्यातल्या सरदाराकडे बघा, कापाकापी चाललीय आणि त्याला मजा वाटायला लागते. मूळ सिनेमा आणि रिमेक लागोपाठ बघा, काय ठेवलं काय बदललं लिहून काढा, अर्धं प्रकरण तिथेच तयार. डिरेक्टर कोबायाशीच्या 1962 च्या 'हाराकिरी'चा त्याने 2011 ला थ्रीडी रिमेक केला, तो मला फिका वाटला, मूळचा थंड संताप त्यात नाही, थ्रीडीने काही भर पडत नाही.

फक्त रक्तावर लिहू नका, ते सगळेच लिहितात. 'द बर्ड पीपल इन चायना' (1998) बघाच, चीनमधल्या युनान प्रांताच्या डोंगरात गेलेला नोकरदार, मागे लागलेला याकुझा म्हणजे जपानी गँगस्टर, आणि कासवं तराफा ओढतायत, हिंसा अगदी नावाला. 'ऑडिशन'चा पहिला अर्धा भाग तर एका विधुराची शांत लव्हस्टोरीच आहे, तो पळवत बघितलात तर पुढच्याचा काही उपयोग नाही.

आणि प्रिंट तपासा हो, 'इची' ब्रिटनमध्ये तीन मिनिटांहून जास्त कापला होता. पूर्ण प्रिंट साधारण 129 मिनिटांची असते, तुमची कमी भरली तर दुसरी शोधा, नाहीतर व्हायव्हात नसलेल्या सीनवर प्रश्न येईल.