फ्रिजच्या दाराने खाल्लेली वीज

थंडी पडली, पंखे बंद झाले, तरी बिल काही खाली येईना. आई म्हणे, मीटरच पळतंय. मग एका रात्री घरातलं सगळं बंद करून जिन्याखालच्या मीटरसमोर मोबाइलचं घड्याळ लावून बसलो. लाल दिवा किती वेळा लुकलुकला की एक युनिट, हे मीटरवर छापलेलं असतं. आमच्याकडे ३२०० वेळा. दिवा दर ८ सेकंदांनी लुकलुकत होता. म्हणजे तासाला ४५०, साधारण १४० वॅट. चालू होता फक्त फ्रिज. तासाभराने पुन्हा पाहिलं, तेच. कॉम्प्रेसर थांबतच नव्हता!

फ्रिजच्या दाराचं रबर घट्ट बसतंय का, हे पाहायला दहाची नोट दारात धरून दार लावलं आणि ओढली. वर घट्ट. खाली बिजागरीच्या कोपऱ्यात मात्र अलगद सुटून आली. रबराच्या घड्यांत सांडलेल्या दुधाचा काळा थर. तो जुन्या टूथब्रशने, कोमट साबणपाण्याने काढला. दबलेल्या कोपऱ्यावर हेअर ड्रायर फिरवला (लांबूनच, नाहीतर रबर वाकडं होतं), मऊ झालेलं रबर बोटांनी बाहेर ओढलं आणि दार रात्रभर बंद ठेवलं. ड्रायरवरून बहिणीने महिनाभर ऐकवलं, ते वेगळं.

सकाळी नोट ओढायला जोर लागला. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढेही घेतला. आता कॉम्प्रेसर पंधरा-वीस मिनिटं चालतो, मग जवळपास तेवढाच गप्प बसतो. दिवसाला दीड युनिट तरी वाचतंय. रबर चिरलेलंच असेल तर मात्र या खटाटोपात पडू नका, नवीन बसवून घ्या.