कानावर अडकवायचे स्वस्त हेडफोन: या चुका टाळा

कानामागे आकडा अडकवायचा आणि स्पंजची गोल चकती कानावर टेकवायची, असे हेडफोन आता दुकानांत फारसे मांडलेले दिसत नाहीत. पण ज्यांना कानात बोंडं सहन होत नाहीत आणि ज्यांचं डोकं पट्ट्याच्या दाबाने दुखतं, त्यांच्यासाठी यांच्याइतकी सुखाची दुसरी वस्तू नाही. यातला सगळ्यांत नावाजलेला म्हणजे कॉसचा केएससी ७५. १९५८ साली स्टीरिओ हेडफोन बाजारात आणणारी ही अमेरिकेतल्या मिलवॉकीची कंपनी. तिकडे हा हेडफोन वीसेक डॉलरला मिळतो. या जातीचे आणखी स्वस्त हेडफोनही मिळतात.

यांच्याबद्दलच्या तक्रारी मात्र ठरलेल्या असतात. बेस (खालचे, घुमणारे सूर) नाही, कान दुखतो, सारखा निसटतो, चार महिन्यांत एक बाजू बंद पडली. यातल्या पहिल्या तीन तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: हेडफोन कानावर नीट बसवलेलाच नसतो.

पाकिटातून काढला तसाच घालणं

ही सगळ्यांत मोठी चूक. प्रत्येकाच्या कानाची ठेवण वेगळी, एकाच माणसाचे दोन कानही तंतोतंत सारखे नसतात. आकडा मात्र सगळ्यांसाठी एकाच मापाचा येतो. तो वाकवून घ्यावा लागतो आणि केएससी ७५ मध्ये त्याची सोय आहे. रबराच्या आवरणाखाली धातूची तार असते, वाकवली की ती त्याच आकारात राहते.

बेस जातो कुठे, तेही समजून घ्या. हे हेडफोन मागून उघडे असतात. चकतीतल्या आवाज काढणाऱ्या पडद्याच्या पुढून निघणाऱ्या आणि मागून निघणाऱ्या लहरी एकमेकींच्या उलट असतात आणि खालच्या सुरांत त्या वळसा घालून एकमेकींना मारतात. चकती कानापासून थोडी जरी दूर राहिली तरी तबल्यातल्या बायाचा घुमारा आणि तानपुऱ्याचा खर्ज आधी जातो, मागे उरतो तो नुसता किणकिणाट. खात्री करायची असेल तर गाणं चालू असताना दोन्ही चकत्या बोटांनी हलकेच कानाकडे दाबा. आवाज भरून आला, तर दोष हेडफोनचा नाही, आकड्याचा आहे.

वाकवताना आकडा मुळाशी, म्हणजे प्लॅस्टिकला जोडलेला असतो तिथे, एका हाताच्या चिमटीत घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने पुढचा भाग आत वळवा. मुळाला आधार न देता वळवलं तर प्लॅस्टिकला चीर जाते. एकदम फार वळवू नका. थोडं वळवा, घाला, ऐका, पुन्हा थोडं. चकती सगळ्या बाजूंनी सारखी टेकली पाहिजे. फक्त खालची कड टेकत असेल तर आकड्याचा वरचा भाग आत घ्या. एकदा जमलं की सोडून द्या, कारण रोज वाकवलेली तार थकते आणि तुटते. फारच स्वस्त हेडफोनांत आकडा निव्वळ प्लॅस्टिकचा असतो. वाकवून सोडल्यावर तो पूर्वपदावर येत असेल तर जोर लावू नका, तुटेल.

कान दुखण्याचं उत्तर नेमकं उलट दिशेला असतं. आकडा जास्त आवळला गेलाय, तो सैल करा. चष्मा असेल तर आधी चष्मा आणि त्यावरून आकडा घालून बघा, मग उलट क्रमाने बघा. बारीक धातूच्या काड्यांना अडचण येत नाही. जाड प्लॅस्टिकच्या काडीमुळे मात्र आकडा वर उचलला जातो आणि बेस पुन्हा पळतो.

स्पंजकडे दुर्लक्ष

पुण्याच्या पावसाळ्यात स्पंज लवकर वास मारायला लागतो. घाम आणि कानाचं तेल त्यात मुरलेलं असतं, त्यात हवा दमट. अशा वेळी तो उन्हात टाकू नका, उन्हाने तो ठिसूळ होऊन भुगा होतो. कोमट पाण्यात शाम्पूचा एक थेंब टाकून धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबा आणि सावलीत पूर्ण वाळवा. ओला स्पंज लावणं म्हणजे ड्रायव्हरला, म्हणजे आतल्या आवाज काढणाऱ्या भागाला, मुद्दाम दमट ठेवणं.

भुगा पडायला लागला की स्पंज बदलायचाच, नाहीतर तो भुगा जाळीतून आत जातो. मागवताना चकतीचा व्यास मोजा. केएससी ७५ ला साधारण ५० मिलिमीटरचा लागतो. स्पंजाशिवाय वापरू नका. आवाज चिरका होतो आणि प्लॅस्टिक कानाला घासतं.

साफसफाईसाठी चकती आकड्यातून काढली असेल तर परत लावताना डावी-उजवी बघा. अदलाबदल झाली तर गाण्यात चटकन कळत नाही, पण सिनेमात गाडी डावीकडून जाते आणि आवाज उजवीकडून येतो.

चुकीच्या जागी वापरणं

उघडा हेडफोन बाहेरचा आवाज अडवत नाही आणि आतला आवाज लपवत नाही. सदाशिव पेठेतल्या नाहीतर नवी पेठेतल्या अभ्यासिकेत तो लावलात तर शेजारी बसलेल्या मुलाला तुमचं गाणं ऐकू जाईल. तिथे तो नकोच. मेट्रोच्या भुयारी टप्प्यात किंवा पीएमपीच्या बसमध्ये शब्द ऐकू येईनात म्हणून आवाज वाढवत नेणं ही तर कानाची हानी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी मर्यादा सांगितली आहे ती ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८३ ला २० तास आणि ८६ ला फक्त १०. दुचाकीवर तर घालूच नका. हेल्मेट आकड्याला ढकलतं आणि लक्षही बाजूला जातं.

हे हेडफोन खरे शोभतात घरात. ओट्याशी काम करताना कुकरची शिट्टी कळते, बेल वाजलेली कळते. तळजाईवर किंवा वेताळ टेकडीवर चालताना मागून येणाऱ्याची चाहूल लागते. मला हा त्यांचा सगळ्यांत मोठा गुण वाटतो.

आवाज कमी येतो म्हणून वेगळा अँप्लिफायर घ्यायची घाई करू नका. केएससी ७५ चा रोध (विजेला होणारा अडथळा) ६० ओहम असला तरी संवेदनशीलता (थोड्या विजेत किती मोठा वाजतो ते) १०१ डेसिबल आहे, साधा फोन त्याला पुरतो. हेडफोन शंभर तास वाजवून ‘मोकळा’ करायचा सल्लाही मनावर घेऊ नका. आठवडाभरात फरक जाणवला तर तो बहुधा स्पंज मऊ झाल्याने आणि आकडा बसल्याने असतो.

पिन, कन्व्हर्टर आणि वायर

गाण्यातली वाद्यं ऐकू येतात, पण गायकाचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा? पिन पूर्ण आत गेलेली नाही, किंवा अर्थची, म्हणजे दोन्ही बाजूंना सामाईक असलेली, तार तुटली आहे. अर्थ सुटला की दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज कटतो आणि गायक नेमका तिथेच असतो. आधी फोनचं जाड कव्हर काढून पिन दाबा. मग फोन बंद करून जॅकमधला खिशाचा कचरा लाकडी टूथपिकने अलगद काढा. सुई घालू नका.

एकच बाजू वाजत असेल तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत डावा-उजवा बॅलन्स मध्यावर आहे का ते आधी बघा, मग हेडफोन दुसऱ्या फोनला लावा.

फोनला गोल जॅक नसेल आणि सी-टाइपचा कन्व्हर्टर घेणार असाल, तर त्यात डॅक चिप (फोनमधल्या डिजिटल आवाजाचा ॲनालॉग, म्हणजे हेडफोनला चालणारा, आवाज करणारी) आहे का ते विचारा. काही कन्व्हर्टर नुसती वायर असतात. ज्या फोनच्या पोर्टमधून थेट ॲनालॉग आवाज निघत नाही, तिथे ते मुके राहतात. दुकानातच आपल्या फोनला लावून बघा.

वायर तुटते ती बहुतेकदा पिनेजवळ. पिन धरून ओढा, वायर धरून नको, आणि फोनभोवती घट्ट गुंडाळू नका. तुटलीच तर फेकू नका. पिन बदलणं हे छोटं काम आहे. बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या बाजाराकडे जाणं असेल तर सुटी पिन आणि दुरुस्ती या दोन्हींची चौकशी तिथे करा. या तारांवर रंगीत लाखेचा थर असतो. तो जाळल्याशिवाय किंवा खरवडल्याशिवाय सोल्डरचा डाग धरत नाही आणि घरी केलेली दुरुस्ती इथेच फसते. रंग सहसा असे: लाल उजवी, हिरवी किंवा निळी डावी, तांब्याच्या रंगाची अर्थ. एका बाजूच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर दोन्ही चकत्या वाजतात, पण बेस नाहीसा होतो आणि गायकाची जागा सापडत नाही. म्हणून दुरुस्तीनंतर तिथेच उभं राहून, ओळखीचं एखादं गाणं पूर्ण ऐकूनच पैसे द्या.