सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांचं आयुष्मान कार्ड कसं काढायचं आणि दवाखान्यात ते कसं चालवायचं

मागच्या पावसाळ्यात आत्या बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि दवाखान्याच्या काउंटरवर उभं राहून मी तिचं आयुष्मान कार्ड, म्हणजे केंद्र सरकारच्या मोफत उपचार योजनेचं कार्ड, काढायला लागलो. ते तुमचं होऊ नये म्हणून हे लिहितोय. कार्ड धडधाकट असतानाच काढून ठेवा. घरबसल्या अर्ध्या तासाचं काम आहे, पण पेशंट स्ट्रेचरवर असताना तोच अर्धा तास संपता संपत नाही.

आधी एक गैरसमज काढून टाका. लोक म्हणतात "आम्ही कुठं गरीब, आम्हाला नाही मिळणार". आयुष्मान भारत ही योजना 2018 ला सुरू झाली तेव्हा 2011 च्या सर्वेक्षणातल्या यादीत नाव असेल तरच मिळायचं, हे खरं. पण 29 ऑक्टोबर 2024 पासून सत्तर पूर्ण झालेल्या कुणालाही मिळतं, उत्पन्न विचारत नाहीत, पेन्शन असो, बंगला असो, काही फरक पडत नाही. त्या कार्डाचं नाव आयुष्मान वय वंदना. वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार, आणि आईवडील दोघं सत्तरीच्या पुढचे असतील तर ते 5 लाख दोघांत मिळून. घर आधीच योजनेत असेल तर म्हाताऱ्या माणसांना हे वेगळे 5 लाख, त्याला घरातल्या बाकीच्यांनी हात लावायचा नाही. शुगर, बीपी, जुना हार्टचा त्रास, सगळं पहिल्या दिवसापासून चालतं, खाजगी इन्शुरन्ससारखं दोन-तीन वर्षं थांबायची भानगड नाही. फक्त सीजीएचएस (केंद्र सरकारचे कर्मचारी-पेन्शनर यांची योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची योजना) वाल्यांना दोन्हीपैकी एकच निवडावी लागते, तिथं घाई करू नका, नीट विचार करून ठरवा.

आता कार्ड. सगळा खेळ आधारवर आहे, म्हणून आधी आधार बाहेर काढून जन्मतारीख बघा. आपल्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख 1 जानेवारीच असते, कारण आधार काढताना कुणी अंदाजे वय सांगितलेलं. आत्या स्वतःला पंच्याहत्तरची म्हणवते, आधारवर निघाली एकाहत्तरची, थोडक्यात वाचलो. आधारवर सत्तर भरत नसतील तर तुम्ही कितीही सांगा, सिस्टीम ऐकत नाही. तारीख दुरुस्त करायची तर पुरावा लागतो आणि ती साधारण एकदाच बदलता येते. मोबाईल नंबर लिंक आहे का तेही बघा, जुना बंद पडलेला नंबर असेल तर ओटीपी हवेत जातो.

मग प्ले स्टोअरवरून आयुष्मान ॲप घ्यायचं, बेनिफिशियरी म्हणून लॉगिन करायचं, सत्तरीच्या वरच्यांसाठी वेगळा पर्याय दिसतो त्यात राज्य, जिल्हा, आधार नंबर टाकायचा. पुढं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं. इथं खरी गंमत. आत्याचे अंगठे मशीन घेईचना, चाळीस वर्षं भाकरी थापून, शेण काढून, रेषाच उरल्या नाहीत बोटावर. काउंटरवरच्या ऑपरेटरने ओल्या फडक्याने पुसलं, बोट चोळलं, दाबून धरलं, पाचव्या वेळीसुद्धा लाल. शेवटी ओटीपीने झालं. म्हणून अंगठ्याच्या मागं लागून म्हाताऱ्या माणसाला दमवू नका, ओटीपी किंवा चेहऱ्याने करा, चेहऱ्याच्या वेळी चष्मा काढायचा आणि उजेडाकडे तोंड करायचं. मग फोटो, पत्ता, घरच्यांची नावं, की झालं. कार्ड मोफत आहे. आमच्याकडं एका सेंटरवाल्याने दोनशे मागितले होते, देऊ नका.

सत्तरीच्या आतले असाल तर? महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आधी मुख्यतः पिवळं-केशरी रेशन कार्ड चालायचं, 1 जुलै 2024 पासून पांढऱ्या कार्डवाल्यांनाही, आणि रक्कमही दीड लाखावरून 5 लाख झाली. त्यासाठी रेशन कार्ड ऑनलाइन असायला हवं, त्याचा बारा अंकी नंबर काढून ठेवा आणि पेशंटचं नाव त्यात आहे ना ते आधीच बघा, लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव हमखास राहिलेलं असतं.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरच्याही आधी आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारा मदतनीस, शोधा. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात त्यांचं टेबल असतं, बहुतेक वेळा कॅश काउंटरपासून लांब कोपऱ्यात. त्यांना दोन गोष्टी विचारा: हा दवाखाना योजनेत आहे का, आणि *हा आजार* इथं योजनेत होतो का. दुसरा प्रश्न लोक विसरतात. दवाखाना हार्टसाठी यादीत असतो आणि हाडासाठी नसतो, असं आमच्या बाबतीत झालं, पहिल्या दवाखान्यात आधी डिपॉझिट भरा म्हणाले, आणि ते भरल्यावर कळलं की हाडाचं इथं योजनेत होतच नाही. काही ऑपरेशनं फक्त सरकारी दवाखान्यासाठी राखीव आहेत, तेही तिथंच कळतं. मग दवाखाना वरून मंजुरी मागवतो, ती येईपर्यंत आरोग्यमित्राच्या मागं चिकटून राहा. इमर्जन्सी असेल तर उपचार आधी सुरू होतात, मंजुरीचं मागून बघतात.

मंजुरीनंतर बेड, औषधं, तपासण्या, जेवण, आतमध्ये घालतात ती प्लेट-स्क्रू सुद्धा पॅकेजमध्ये येतात. बेड जनरल वॉर्डचा. स्पेशल रूम हवी म्हणालात की हिशोब बिघडतो. ओपीडीची फी आणि रोजची शुगरची गोळी यात येत नाही, त्याची आशा धरू नका. आयुष्मानमध्ये भरती व्हायच्या आधीचे 3 दिवस आणि डिस्चार्जनंतरचे 15 दिवस धरलेले आहेत, म्हणून सुट्टी होताना औषधं मागून घ्या, न मागता कोणी हातात देत नाही.

कुणी वरचे पैसे मागितले तर तिथंच उभं राहून 14555 ला फोन लावा, फुले योजनेसाठी 155388. आम्ही फोन कानाला लावला तेवढ्यातच काउंटरवरचा माणूस "थांबा, साहेबांना विचारतो" म्हणाला.

डिपॉझिटचे पैसे परत मिळायला मात्र सतरा दिवस लागले, तेही पावती जपून ठेवली होती म्हणून.