निऑन टेट्रा पाळताय? आधी या चुका टाळा

‘निऑन मासा फार नाजूक, टिकतच नाही’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, टँक शेवटचा कधी ‘धुतला’?

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका मित्राकडे जानेवारीत पाहुणे येणार होते. पठ्ठ्याने टँक पार रिकामा केला, खडे घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा केला आणि गच्चीवरच्या टाकीतलं गारढोण पाणी भरून मासे सोडले. संध्याकाळी फोन : ‘अरे, पाणी एकदम नितळ आहे, तरी सगळे तळाला पडलेत!’ पडणारच. एक तर पाणी थंड, त्यात क्लोरीन, आणि स्पंजमधला तो तपकिरी गाळ गेला म्हणजे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे बॅक्टेरियाही गेले. माझी रीत साधी. आठवड्याला पाव टँक पाणी बदलायचं, नव्या पाण्यात अँटीक्लोरीन घालायचं, थर्मामीटर बुडवल्याशिवाय ओतायचं नाही. स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्याच पाण्यात, दोनदा दाबून. कळकट दिसला तर दिसू दे.

सकाळी टँक, संध्याकाळी मासे हा दुसरा आजार. बॅक्टेरिया बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. पाण्याच्या टेस्टमध्ये अमोनिया आणि नायट्राइट (अमोनियापासून बनणारं, तेही विषारीच) दोन्ही शून्य आल्याशिवाय निऑन आणू नका. दुकानदार बॅक्टेरियाची बाटली देऊन ‘उद्या टाका’ म्हणतो. त्याचं काय जातं? एवढा धीर नसेल तर प्लास्टिकचे मासे घ्या.

हिटर लागतोच. मुंबईच्या भावाचं त्याच्याशिवाय भागत असेल, पण नाशिकच्या थंडीत पारा 10 च्या खाली जातो. 24-25 अंशांवर ठेवा, लिटरला साधारण एक वॉट धरा.

जोडी नको, निदान 8 घ्या. हा थव्याचा मासा आहे. एंजल माशासोबत ठेवू नका, मोठा झाला की गिळतो.

रात्री लाइट बंद असताना रंग उडतो. सकाळी फिकट दिसला म्हणून औषध ओतू नका, थोड्या वेळात निळी पट्टी परत येते. दिवसभर पाठीवर पांढुरका डाग राहिला, मासा खंगला, थव्यापासून लांब राहू लागला, तर मात्र ‘निऑन डिसीज’चा संशय घ्या. त्यावर खात्रीचा इलाज नाही. लगेच वेगळा काढा.

बोअरचं पाणी जड असतं, पण दुकानातले बहुतेक निऑन फार्मवर वाढलेले असल्याने बऱ्यापैकी निभावतात. पीएच (पाण्याची आम्ल-अल्कली पातळी) उतरवायच्या पावडरींच्या नादी लागलात तर रोज वर-खाली होणाऱ्या पाण्यानेच मरतील.