परदेशातील बँक खाते प्राप्तिकर विवरणपत्रात कसे दाखवावे

परदेशात बँक खाते असणे हा गुन्हा नाही. ते विवरणपत्रात न दाखवणे मात्र फार महागात पडते. करचुकवेगिरीसाठी पैसा बाहेर दडवणाऱ्यांना चाप लावण्यासाठी २०१५ मध्ये काळ्या पैशाविरुद्धचा स्वतंत्र कायदा झाला आणि तो कडक असायलाच हवा होता. परंतु शिक्षण किंवा नोकरीसाठी बाहेर राहून परतलेली आणि तिकडचे खाते बंद करायचे राहून गेलेली साधी माणसेही त्याच्या कचाट्यात सापडतात. हे मार्गदर्शन मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

‘तिकडचे इथे कोणाला कळणार?’ हा समज आधी सोडून द्यावा. खातेदाराचे नाव, खाते क्रमांक, शिल्लक आणि व्याज यांची माहिती अनेक देश एकमेकांना दरवर्षी आपोआप पाठवतात आणि भारत २०१७ पासून या व्यवस्थेत आहे. अमेरिकेशी २०१५ मध्ये स्वतंत्र करार झाला आणि गोपनीयतेसाठी प्रसिद्ध असलेल्या स्वित्झर्लंडकडूनही सप्टेंबर २०१९ मध्ये पहिली माहिती आली.

सर्वप्रथम आपला निवासी दर्जा तपासावा. परकीय मालमत्तेचा तक्ता, म्हणजे शेड्यूल एफए, भरण्याचे बंधन सर्वसाधारण रहिवाशावर, म्हणजे मागच्या वर्षांतही पुरेसा काळ भारतात राहिलेल्या रहिवाशावर असते. अनिवासी व्यक्तीवर किंवा रहिवासी असूनही सर्वसाधारण रहिवासी न ठरणाऱ्यावर नसते. बंधन असलेल्याचे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असले, तरी त्याला विवरणपत्र भरावेच लागते. आयटीआर-१ आणि आयटीआर-४ या अर्जांत हा तक्ताच नाही, म्हणून पगारदारांनी सहसा आयटीआर-२ आणि व्यवसाय करणाऱ्यांनी आयटीआर-३ निवडावा.

सर्वाधिक चुका कालावधीत होतात. हा तक्ता आर्थिक वर्षाचा नसून कॅलेंडर वर्षाचा असतो. २०२४-२५ या आर्थिक वर्षाच्या विवरणपत्रात १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२४ या काळातील माहिती येते. समजा, शिकत असताना उघडलेल्या खात्यात वर्षारंभी ९०० डॉलर होते, १४ मार्चला खोलीची अनामत परत मिळाल्याने शिल्लक २,१०० झाली आणि वर्षअखेरीस ४५० उरले. अशा वेळी कमाल शिल्लक म्हणून २,१०० डॉलर १४ मार्चच्या दराने आणि अखेरची शिल्लक म्हणून ४५० डॉलर ३१ डिसेंबरच्या दराने रुपयांत लिहावेत. दर स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, म्हणजे बँक ज्या दराने परकीय चलन विकत घेते तो, घ्यावा, इंटरनेटवर दिसणारा कोणताही दर नव्हे. त्याशिवाय बँकेचे नाव, पत्ता, खाते उघडल्याची तारीख आणि वर्षभरात जमा झालेले व्याज लिहावे लागते. त्यामुळे संपूर्ण बारा महिन्यांचे स्टेटमेंट समोर ठेवूनच बसावे.

व्याजाची गंमत अशी की तेच व्याज उत्पन्न म्हणून दाखवताना मात्र एप्रिल ते मार्च असा हिशेब करायचा असतो. साहजिकच दोन्ही आकडे जुळत नाहीत. ते ओढूनताणून जुळवू नयेत. तिकडे कर कापला गेला असेल आणि त्याची इथल्या करातून वजावट हवी असेल, तर फॉर्म ६७ वेगळा भरावा.

खात्यात एकही डॉलर व्याज मिळाले नसले, तरी खाते दाखवावेच लागते. परदेशी कंपनीने कर्मचारी म्हणून दिलेले शेअर्स, नातेवाइकाच्या किंवा कंपनीच्या खात्यावरील सहीचा अधिकार आणि त्याच वर्षी बंद केलेले खाते या तीन गोष्टी लोक हमखास विसरतात.

मागच्या वर्षांत काही राहून गेले असेल, तर नोटिशीची वाट पाहू नये. सुधारित विवरणपत्राची मुदत शिल्लक असेल, तर ते लगेच भरावे. मुदत संपली असेल, तर या विषयाचा अनुभव असलेल्या सीएला सर्व कागद दाखवावेत. माहिती न दिल्याबद्दल १० लाख रुपये दंड होऊ शकतो. स्थावर मालमत्ता वगळता अन्य परकीय मालमत्तेचे एकूण मूल्य २० लाखांपर्यंत असेल, तर १ ऑक्टोबर २०२४ पासून या दंडातून सूट आहे, मात्र मालमत्ता दाखवण्याचे बंधन तसेच राहते. अघोषित परकीय उत्पन्नावर ३० टक्के कर आणि त्या कराच्या तिप्पट दंड लागतो. हेतुपुरस्सर कर बुडवल्यास तीन ते दहा वर्षांचा सश्रम कारावास आहे.

खाते बंद करत असाल, तर बँकेकडून तसे पत्र आणि जुनी स्टेटमेंट्स आधीच मागून घ्यावीत, कारण खाते बंद झाले की ऑनलाइन लॉगिनही जाते आणि मग हे कागद मिळवणे फार जिकिरीचे होते.